दाराची मूठ धरण्याआधी

अमेरिकेत कॅम्पग्राउंडवर ट्रेलर लावला की खांबावरच्या पेटीतून १२० व्होल्टची वीज घेतात. ट्रेलर रबरी टायरांवर उभा, म्हणजे जमिनीशी संबंध नाही. अर्थिंगची तार तुटली किंवा सैल झाली, की आतल्या उपकरणाची गळती थेट पत्र्यावर उतरते. आत बसलेल्याला काहीच जाणवत नाही. ओल्या गवतावर अनवाणी उभं राहून मूठ धरणाऱ्याला झटका बसतो. जमिनीत रॉड ठोकून भागत नाही, मातीतून ब्रेकर पडण्याइतका प्रवाहच जात नाही. बर्कलीच्या चार्ल्स डॅलझील यांनी १९६१ मध्ये शोधलेलं जीएफसीआय हे सुरक्षा-उपकरण सुमारे ५ मिलिअँपिअर गळतीलाच वीज तोडतं, पण ट्रेलरमध्ये ते मोजक्याच सॉकेटांना असतं. म्हणून केबल जोडल्याबरोबर पत्र्याजवळ स्पर्श न करता वीज दाखवणारा टेस्टर धराच. हाताला नुसत्या मुंग्या आल्या तरी खांबावरचा ब्रेकर बंद करा आणि मुलांना लांब ठेवा.