रस्त्याखालच्या वाहिनीपासून टाकीपर्यंत

मुंबईतल्या विक्रोळीत नव्या इमारतीला नळजोडणी मिळते तेव्हा तिचा खर्च तीन वाटांनी भागलेला असतो. धरणापासून रस्त्याखालच्या वाहिनीपर्यंतचा भार सगळे शहर उचलते. रस्त्यापासून टाकीपर्यंतचा भार मालकावर असतो. जुन्या जागी उंच इमारत उभी राहिली की वाढलेल्या ताणाचे पैसे विकासकाकडून घेतले जातात.

पहिला भाग सर्वांत खर्चिक आणि सर्वांत कमी दिसणारा. मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 च्या कलम 140 नुसार मालमत्ता कराबरोबर जललाभ कर आणि मलनिःसारण लाभ कर घेतला जातो. वापरलेल्या पाण्याची पट्टी वेगळी; हा कर धरणे, शुद्धीकरण केंद्रे, मोठ्या वाहिन्या अशा भांडवली कामांसाठी आहे. देयकातल्या या रकान्याकडे सहसा कोणी पाहत नाही. 2010 पासून त्याची आकारणी मालमत्तेच्या भांडवली मूल्यावर होते, नळाच्या आकारावर नाही. जागतिक बँक समूहाने मुंबईच्या पाणीपुरवठा व मलनिःसारण प्रकल्पाला 1973 मध्ये कर्ज दिले, त्या काळात या सेवांचा हिशेब पालिकेच्या इतर खर्चापासून वेगळा काढण्यावर भर होता. आजही तो अर्थसंकल्प ‘ग’ म्हणून स्वतंत्र मांडला जातो. मात्र 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 1 जानेवारी 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे, आणि कन्नमवार नगर, टागोर नगर या म्हाडाच्या जुन्या वसाहतींतली मूळ घरे त्याहून बरीच लहान. भांडवली कामांचा भार त्यामुळे मोठ्या घरांवर आणि व्यापारी गाळ्यांवर सरकतो.

शेवटचा टप्पा डोळ्यांसमोर घडतो. अर्ज परवानाधारक प्लंबरमार्फत विभाग कार्यालयात जातो. विक्रोळी पूर्वेचे एस विभाग कार्यालय भांडुपला आहे. किती घरे, किती माणसे, यावरून जोडणीचा व्यास ठरतो. अनामत, जोडणीचा आकार आणि रस्ता पूर्ववत करण्याचे पैसे आधी भरावे लागतात. मग चर खणला जातो, मेनला म्हणजे रस्त्याखालच्या वाहिनीला भोक पाडून फेरूल हा जोडतुकडा बसवतात आणि तिथून मीटरपर्यंत सर्व्हिस लाईन येते. पाइप, मीटर, प्लंबरची मजुरी, सारे मालकाचे. पाणी दिवसातून ठरावीक वेळच येते आणि त्याचा दाब वरच्या मजल्यांपर्यंत पोचत नाही. म्हणून तळाची टाकी, पंप, गच्चीवरची टाकी आणि पंपाची वीज हा खर्चही सोसायटीच्याच माथी. पालिकेच्या पाण्याचा खरा दर काढायचा तर पंपाचे वीजबिल त्यात धरायला हवे. जून 2022 मध्ये ठरलेला दर इमारतींना हजार लिटरमागे 6.36 रुपये आणि झोपडपट्टीला 5.28 रुपये होता. दर वर्षी 8 टक्क्यांपर्यंत वाढ करण्याचे धोरण 2012 पासूनचे. शेवटच्या टप्प्याचा खर्च ग्राहकाने सोसायचा, हे तत्त्व विजेच्या बाबतीतही आहे: वीज अधिनियम, 2003 च्या कलम 46 नुसार लाईन टाकण्याचा वाजवी खर्च नियामक आयोगाच्या परवानगीने ग्राहकाकडून घेता येतो.

तिसरी वाट कन्नमवार नगरात स्पष्ट दिसते. तिथल्या कमी उंचीच्या इमारती पाडून टॉवर उभे राहत आहेत. विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली 2034 च्या 33(5) नुसार मूळ चटईक्षेत्रावर मिळणाऱ्या वाढीव क्षेत्रासाठी रेडी रेकनरमधील जमीनदराच्या 7 टक्के पायाभूत सुविधा शुल्क म्हाडा घेते. त्यातल्या सात भागांपैकी पाच भाग पालिकेला द्यायचे असतात, आवाराबाहेरच्या सुविधांसाठी. याखेरीज महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात 1992 मध्ये आलेले विकास शुल्क आहेच. पालिकेच्या हातात शेवटचा लगाम आहे तो 1888 च्या अधिनियमातील कलम 270-अ चा: पुरेसा पाणीपुरवठा असल्याचा दाखला नसेल तर इमारतीत राहायला जाता येत नाही. पैशांचा रस्त्याशी संबंध मात्र इतका घट्ट नाही. ज्या गल्लीत टॉवर, त्याच गल्लीत नवी वाहिनी, असे 33(5) मध्ये म्हटलेले नाही.

अमेरिकेतल्या अनेक शहरांत याउलट चालते. तिथे नवी वाहिनी किंवा गटार टाकले की त्या रस्त्याला लागून असलेल्या मालकांवर, बऱ्याचदा दर्शनी लांबीच्या प्रमाणात, खर्च बसवतात आणि तो हप्त्यांनी वसूल करतात. मुंबईला ही कल्पना अगदी परकी नाही. 1888 च्या अधिनियमातील कलम 305 नुसार खासगी रस्ता सपाट करणे, त्यावर गटार व दिवे करणे यासाठी लगतच्या मालकांना नोटीस देता येते.

विक्रोळी पश्चिमेला पार्कसाइट आणि सूर्यनगरच्या डोंगरउतारावर यातले कोणतेच गणित सरळ बसत नाही. जमीन ज्याची त्याचे घर नाही, आणि चढावर पाणी चढवायला पंप लागतो. झोपडपट्टीत जोडणी एका घराला नव्हे, घरांच्या गटाला मिळते. गटाचा सचिव देयक भरतो आणि घराघरांतून वर्गणी गोळा करतो. 1 जानेवारी 2000 नंतरच्या झोपड्यांना पाणी नाकारले जात होते. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग मानून पालिकेला धोरण आखायला सांगितले. अशा वस्त्यांना इतरांपेक्षा जास्त दर लावायची मुभाही दिली. मे 2022 मध्ये पालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण लागू केले. डोंगरावरच्या गटालाही आपल्या टोकापर्यंतचा पाइप स्वतःच्या खर्चाने न्यावा लागतो. मेन पायथ्याला असेल तर तो पाइप कित्येक गल्ल्या चढून जातो आणि त्याचा खर्च टॉवरच्या सर्व्हिस लाईनपेक्षा दर घरामागे जास्तही पडू शकतो.