आकाशातली बारशी

आपल्याकडे मूल जन्मले की पत्रिकेवरून त्याचे रासनाव निघते. पण हाक मारायचे नाव ठरते ते बारशाच्या दिवशी, आत्याने कानात ‘कुर्र’ केल्यावर. आकाशातल्या लघुग्रहांच्या बाबतीतही थेट हीच रीत आहे, असे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान सूर्याभोवती फिरणारे हे खडक आकाराने लहान खरे. पण त्यांच्या नामकरणाचा थाट मात्र राजपुत्राला साजेसा!

रासनाव आणि पाळण्यातले नाव

नवा लघुग्रह दिसला की प्रथम त्याला रासनाव मिळते. एक उदाहरण घेऊ : ‘२००६ व्हीपी ३२’. यातले २००६ हे शोधाचे वर्ष. वर्षाचे चोवीस पंधरवडे पाडून प्रत्येकाला एकेक इंग्रजी अक्षर दिलेले आहे. ‘व्ही’ हे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्याचे. उरलेले ‘पी ३२’ म्हणजे त्या पंधरवड्यातला ८१५ वा शोध. पुढे त्याच्यावर नजर ठेवून त्याची कक्षा पक्की ठरली, की त्याला कायमचा क्रमांक मिळतो आणि मगच बारसे! नाव सुचवण्याचा पहिला मान शोधकाचा. त्यासाठी त्याला दहा वर्षांची मुदत असते. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेची समिती ते नाव पारखते आणि तिने मान्य केले तरच ते रूढ होते.

आज क्रमांक मिळालेल्या लघुग्रहांची संख्या सात लाखांच्या वर आहे. नाव लाभलेले मात्र शंभरांत चारसुद्धा नाहीत. आपल्या ‘व्हीपी ३२’चे नशीब उघडले की नाही, ते शेवटी पाहू.

राजे दाराबाहेर

१ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतल्या पालेर्मो येथे पियाझ्झी नावाच्या धर्मगुरूला यातला पहिला गोळा सापडला. त्याने नाव ठेवले ‘सेरेस फर्डिनांडिया’. सेरेस ही धान्याची देवी आणि फर्डिनांड हा त्याचा राजा. इतर देशांतल्या ज्योतिर्विदांनी देवी तेवढी ठेवून घेतली आणि राजाला खुशाल वगळले! (या सेरेसला २००६ मध्ये बढती मिळून ती बटुग्रह झाली आहे.)

१८५० मध्ये लंडनच्या हाइंडने आपल्या लघुग्रहाला ‘व्हिक्टोरिया’ म्हटले, तेव्हा तर वादच माजला. देवदेवतांच्या पंक्तीत हयात राणी कशी बसवायची? अमेरिकेतल्या काहींनी ‘क्लिओ’ असे दुसरेच नाव वापरायला घेतले. अखेर व्हिक्टोरिया ही रोमन लोकांची विजयदेवताही आहे, या सबबीवर नाव टिकले. साम्राज्याची महाराणी आकाशात शिरली, ती अशी देवीच्या पदराआडून!

पैसा आणि मांजर

मग पैशाने तरी हे भाग्य मिळते का? एकदा मिळाले होते. व्हिएन्नाच्या योहान पॅलिसाने १२२ लघुग्रह शोधले. पण १८८६ चे खग्रास सूर्यग्रहण पाहायला जायचे, तर गाठीला पैसे हवेत. त्याने नाव ठेवण्याचा हक्क पन्नास पौंडांना विकायला काढला. रॉथशिल्ड या धनाढ्य घराण्यातल्या बॅरन आल्बर्टने तो घेऊन आपल्या पत्नीचे ‘बेटिना’ हे नाव २५० व्या लघुग्रहाला दिले. मौज अशी की, याच पॅलिसाने १८८४ मध्ये शोधलेल्या २४४ व्या लघुग्रहाचे नाव आहे ‘सीता’!

आता असा व्यवहार चालत नाही. पैसे घेऊन ताऱ्याला तुमच्या मुलाचे नाव देतो, अशी सुबक प्रमाणपत्रे विकणारे आढळतात. त्या कागदाला खगोलशास्त्रात कवडीचीही किंमत नाही. एका अमेरिकन शोधकाने आपल्या टोकदार कानांच्या मांजराचे ‘मिस्टर स्पॉक’ हे नाव १९८५ मध्ये एका लघुग्रहाला दिले, तेव्हापासून पाळीव प्राण्यांची नावेही नापसंत ठरली आहेत. नाव सोळा अक्षरचिन्हांहून लांब नको, उच्चारता यावे, कोणाला लागणारे नसावे आणि त्यात जाहिरात नसावी. राजकारणी आणि सेनानी यांना तर मृत्यूनंतर शंभर वर्षे थांबावे लागते. तोवर टाळ्यांचा आवाज विरलेला असतो.

मद्रासचा कारकून

या कथेत आपल्या देशालाही स्थान आहे. मद्रासच्या वेधशाळेतून नॉर्मन पॉग्सन या इंग्रज ज्योतिर्विदाने १८६१ मध्ये एक लघुग्रह शोधला. आशिया खंडातून लागलेला हा पहिलाच शोध, म्हणून त्याचे नाव ‘एशिया’. तिथून त्याने एकंदर पाच शोधले. त्यांतला शेवटचा १८८५ चा. त्यानंतर भारतात शंभराहून अधिक वर्षे पाळणा हलला नाही! १९८८ मध्ये तमिळनाडूतल्या कावलूर येथून आर. राजमोहन यांना एक लघुग्रह गवसला. त्याला कोणाचे नाव मिळाले? मद्रासच्या बंदर कचेरीत कारकुनी करता करता गणिताच्या वह्या भरणाऱ्या आणि १९२० मध्ये अवघ्या बत्तिसाव्या वर्षी निवर्तलेल्या श्रीनिवास रामानुजन यांचे! शोधक भारतीय, नावही भारतीय. हे घडायला एक शतक जावे लागले.

आणि आता आपला ‘व्हीपी ३२’. सप्टेंबर २०१९ मध्ये त्याला नाव लाभले ‘पंडितजसराज’. गाणे ऐकत वाढलेल्या मुंबई-पुण्याच्या घरांना पंडितजींची, व्ही. शांताराम यांच्या या जावयांची, ओळख करून द्यायला नको. लघुग्रहाचा क्रमांक आहे ३००१२८. दोन-दोन आकडे उलट्या क्रमाने वाचा : २८-०१-३०. २८ जानेवारी १९३० ही पंडितजींची जन्मतारीख! हा सन्मान त्यांना हयातीत पाहायला मिळाला. १७ ऑगस्ट २०२० रोजी ते गेले.

फर्डिनांडला ज्या दाराशी अडवले, तिथे एका गवयाला असे सन्मानाने आत घेतले गेले. रसिकांनी ज्यांना ‘संगीतमार्तंड’ म्हटले, त्यांच्या नावाचा गोळा आज खऱ्याखुऱ्या मार्तंडाला प्रदक्षिणा घालतो आहे.