कुऱ्हाड चालली, तरी जंगल उभे

झाडे तोडूनही जंगल वाचू शकते का? मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालाच्या पेटेन प्रांतातील अनुभव या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर देतो.

तेथे १९९० मध्ये सुमारे २१ लाख हेक्टरांचे 'माया जीवावरण राखीव क्षेत्र' स्थापन झाले. त्यातील काही भाग राष्ट्रीय उद्यानांसाठी राखण्यात आला, तर १९९४पासून काही जंगल ग्रामस्थांच्या संस्थांना २५ वर्षांच्या कराराने देण्यात आले.

या जंगलात तोडीसाठी वार्षिक कूप आखले जातात. त्या वर्षीच्या कूपातील झाडांची मोजणी करून नकाशा तयार होतो. महोगनीसारखे मोजकेच मोठे वृक्ष तोडले जातात आणि बीजवृक्ष राखले जातात. त्या कूपात पुन्हा कुऱ्हाड पडते, ती काही दशकांनीच.

करार टिकलेल्या बहुतेक जंगलांत ऱ्हास नगण्य राहिला. याउलट, कायद्याचे कडक संरक्षण लाभलेल्या लागुना देल टिग्रे उद्यानात गुरांच्या कुरणांसाठी मोठ्या प्रमाणावर जंगल जाळले गेले. लाकूड, चिकल व शोभेची ताडपाने यांवर पोट अवलंबून असल्याने ग्रामस्थ वणवे आणि घुसखोरी रोखण्यासाठी स्वतः गस्त घालतात.

अर्थात, सर्वच प्रयोग यशस्वी झाले नाहीत. गुरेपालकांच्या अतिक्रमणामुळे काही करार रद्द करावे लागले. कार्मेलिता गावाच्या कराराला मात्र २०१९ मध्ये मुदतवाढ मिळाली. आज राखलेले रोप तोडण्याजोगे होण्यास २५ वर्षे पुरत नाहीत. त्यामुळे पुढील तोडीची शाश्वती असेल, तरच ते रोप राखले जाईल.