मंगळावरचे हेलिकॉप्टर

पंख्याखाली उभे राहिले, की अंगावर वारा येतो. पंख्याची पाती हवेला खाली लोटतात. हेलिकॉप्टरची पातीही हेच काम करतात. पाती हवेला खाली लोटतात, तेव्हा हवा पात्यांना वर लोटते. त्या बळावर हेलिकॉप्टर उडते.

पण हवा फार विरळ असेल तर? मंगळावरची हवा पृथ्वीवरील हवेच्या सुमारे १ टक्का एवढीच दाट आहे. तेथे वस्तूचे वजन सुमारे एक तृतीयांश भरते, एवढीच काय ती सोय! तरीही अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेने मंगळासाठी 'इंजेन्युइटी' नावाचे हेलिकॉप्टर बनवले. मद्रासच्या आय. आय. टी. मध्ये शिकलेले बॉब बलराम हे त्याचे मुख्य अभियंता होते.

विरळ हवेत उडायचे, तर पाती वेगाने फिरवावी लागतात. पण वेगालाही मर्यादा असते. पात्याच्या टोकाचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ गेला, की हवेचा अडथळा एकदम वाढतो. मंगळावर तर ध्वनीचा वेगही पृथ्वीपेक्षा कमी आहे. म्हणून पाती लांबही ठेवावी लागली. लांब पात्यांचा आणखी एक फायदा असतो. आखूड पाती थोडी हवा जोराने लोटतात, तर लांब पाती पुष्कळ हवा सावकाश लोटतात. तेवढेच वजन उचलायला दुसऱ्या रीतीत शक्ती कमी लागते.

इंजेन्युइटीचे वजन पृथ्वीवर अवघे १.८ किलोग्रॅम होते. पण फिरणाऱ्या पात्यांच्या वर्तुळाचा व्यास १.२ मीटर होता. कार्बनच्या धाग्यांची ही हलकी पाती मिनिटाला सुमारे २४०० फेरे घेत.

पाती एका दिशेने फिरली, की हेलिकॉप्टरचे धड उलट दिशेने फिरू लागते. ते थांबवण्यासाठी नेहमीच्या हेलिकॉप्टरला शेपटीकडे लहान पंखा असतो. त्यात थोडी शक्ती खर्च होते. इंजेन्युइटीला एकावर एक अशा पात्यांच्या दोन जोड्या होत्या. त्या एकमेकींच्या उलट फिरत. त्यामुळे शेपटीच्या पंख्याची गरजच उरली नाही.

पृथ्वीवरून निघालेला संदेश मंगळावर पोहोचायला काही मिनिटे लागतात. म्हणून आज्ञा आधीच पाठवल्या जात आणि तोल यंत्र स्वतःच सांभाळी. १९ एप्रिल २०२१ रोजी ते ३ मीटर उंच गेले आणि ३९ सेकंदांनी सुखरूप उतरले. दुसऱ्या ग्रहावर यंत्राच्या बळावर केलेले हे पहिलेच उड्डाण!

फक्त ५ उड्डाणांची योजना होती. प्रत्यक्षात ७२ झाली. १८ जानेवारी २०२४ रोजी उतरताना पाती मोडली. त्यानंतर संदेश येत राहिले. पण पात्यांवाचून ते पुन्हा कधी उडू शकले नाही.