लसणाची पात पिवळी का पडली?

परसात लसणाचे एकदोन वाफे असले, म्हणजे घराला मोठा आधार असतो. फोडणीला कुड्या मिळतात. चटणीला हिरवी पात मिळते. दिवाळीच्या सुमारास लावलेला लसूण होळीनंतर निघतो. मधे केव्हा तरी पात पिवळी दिसू लागते. मग शेजारी म्हणतो, "अहो, कपाशीचं औषध उरलंय घरात. मारा की थोडं!"

ते औषध मारू नका. परसातली पात आपण आज खुडतो आणि आजच खातो. मुले तर तोडून तशीच तोंडात घालतात. कपाशीचे औषध म्हणजे विष. काही औषधे झाडाच्या अंगात मुरतात. मग पात कितीही धुतली तरी ती जात नाहीत.

आधी वाफ्याजवळ बसावे आणि पात नीट बघावी. पातीवर बारीक पांढरे ठिपके आहेत का? पात वाकडी झाली आहे का? शेंडे वाळले आहेत का? असे असेल तर ते काम फुलकिड्यांचे. हे किडे तिळाहूनही लहान आणि पिवळसर असतात. पात खरवडून ते रस पितात. दिवसा ते पातीच्या बेचक्यात, अगदी आत, दडून बसतात. म्हणून वरवर बघून सापडत नाहीत. झाडाखाली पांढरा कागद धरा आणि पात हलकेच झटका. कागदावर बारीक किडे चालताना दिसतील.

कोरड्या हवेत हे किडे फार वाढतात. थोडे असतील तर सकाळी झारीने पातीवर जोराने पाणी मारावे. पुष्कळ किडे धुऊन जातात. जास्त असतील तर निंबोळीचा अर्क करावा. सुकी निंबोळी कुटून तिची ५० ग्रॅम पूड रात्री पाण्यात भिजत घालावी. सकाळी फडक्याने गाळावी. पाणी घालून सगळे मिळून एक लिटर करावे. त्यात चिमूटभर साबणाचा कीस विरघळवावा. हा अर्क संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, बेचक्यापर्यंत पोचेल असा फवारावा. पुढे काही दिवस पात खाऊ नये. कडू लागते! निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडाला पडतात. तेव्हाच वेचून सावलीत वाळवून ठेवाव्यात. ऐन वेळी त्या कुठून मिळणार?

पातीवर खोलगट डाग असतील आणि डागाचा मधला भाग जांभळा असेल, तर तो करपा. ढगाळ, दमट हवेत तो पसरतो. तो किड्याचा रोग नव्हे, बुरशीचा आहे. डागाळलेली पात काढून जाळावी. उकिरड्यात टाकू नये. पुढच्या वर्षी त्या वाफ्यात लसूण किंवा कांदा लावू नये.

कधी किडा नसतो, डागही नसतो. मग पायाखाली बघा. न्हाणीचे पाणी सारखे त्याच वाफ्यात सुटते का? लसणाला ओल हवी, पण चिखल नको. पाणी साचले की मुळे कुजतात आणि पात पिवळी पडते. अशा ठिकाणी औषध काय करणार? पाण्याला वाट करून द्यावी.

आणि लसूण लावून चार महिने झाले असतील, पात पिवळी होऊन मान टाकत असेल, तर तो रोगच नव्हे. लसूण तयार झाला! पाणी तोडावे. दोनतीन आठवड्यांनी जमीन सुकली की कोरड्या दिवशी लसूण उपटावा. पात कापू नये. पातीसकट सावलीत वाळवून जुड्या बांधाव्यात आणि वारा लागेल अशा जागी टांगाव्यात. खुरप्याने कापलेले गड्डे वेगळे काढून आधी खावेत, कारण ते लवकर सडतात. बियाण्यासाठी भरदार गड्डे बाजूला ठेवावेत. लावणीच्या वेळी त्यांतल्याही पोचट, सुकलेल्या कुड्या टाकून द्याव्यात.