चिखल चाकापाशीच अडवा
दुचाकीची निगा : भाग ६

गेल्या आठवड्यात आपण टायरची नक्षी आणि हवेचा दाब पाहिला. आज त्याच टायरनं उडवलेल्या चिखलाविषयी.

पावसात गाडी माखली की आपण पुढच्या ट्रकला बोल लावतो. पण इंजिनावर बसणारा बहुतेक चिखल आपल्याच पुढच्या चाकानं मारलेला असतो. भिजून आल्यावर गाडी धुण्याआधी खाली वाकून पाहा. सायलेन्सरच्या बेंड पाइपवर आणि इंजिनाच्या पुढच्या अंगावर टायरच्या रुंदीचा उभा पट्टा दिसेल. मडगार्डचा मागचा काठ जिथं संपतो, तिथून सुटलेलं पाणी, माती आणि खडी नेमकी तिथं आदळते. रंगाचे टवके उडतात, उघड्या लोखंडाला गंज धरतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर तो फार लवकर धरतो.

यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पुढच्या मडगार्डला खाली जोडलेला जाड रबराचा फ्लॅप. तो दोन बोल्ट आणि रुंद वॉशर लावून घट्ट बसवा. मग पुढचा ब्रेक धरून हँडलवर जोर द्या. फोर्क पूर्ण दबला तरी फ्लॅप बेंड पाइपला किंवा इंजिनाला टेकता कामा नये. गतिरोधकावर घासणार नाही इतपतच तो खाली सोडा.

काळ्या रानात मात्र हिशेब उलटा होतो. तिथली चिकट माती टायर आणि मडगार्ड यांच्यातल्या फटीत भरत जाते आणि शेवटी चाक जाम होतं. म्हणूनच हिरो एक्सपल्ससारख्या गाड्यांचं पुढचं मडगार्ड चाकापासून उंच असतं. रोज शेतात जाणाऱ्यांनी फ्लॅपपेक्षा फट मोकळी ठेवण्याकडे लक्ष द्यावं. माती ओली असतानाच काडीनं काढून टाकावी.

फोर्कच्या चकचकीत नळीला सगळ्यांत जास्त जपा. तिच्या क्रोमचा टवका उडाला की तिथं गंज येतो. नळी वरखाली होताना ती खरखरीत जागा ऑइल सील फाडते. गळणारं तेल ब्रेकच्या डिस्कपर्यंत पोचलं तर ब्रेकच लागत नाही. म्हणून जिथं बसतात तिथं नळीवर रबरी बेलो घालावेत आणि अधूनमधून सरकवून आतली ओल पुसावी. रेडिएटर असलेल्या गाडीला खडी अडवणारी जाळी हवी, पण फार बारीक नको. ती चिखलानं बुजली की इंजिन तापतं.

मागच्या चाकाचं साडीगार्ड काढून टाकू नका. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२३ नुसार मागचं चाक किमान निम्मं झाकणं बंधनकारक आहे. चिखल अडतो तो वरचा फायदा.

आणि धुताना प्रेशरच्या पाण्याचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर, ऑइल सीलवर किंवा चेनवर रोखू नका. बाहेर राहिली असती ती माती त्यानं आत ढकलली जाते.

पहिला मोठा पाऊस पडण्याआधी फ्लॅप लावून घ्या आणि उडालेल्या प्रत्येक टवक्यावर रंगाचा हात फिरवा. पुढच्या आठवड्यात चेनची निगा.