अपील म्हणजे फेरखटला नव्हे : मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन निर्णयांच्या संदर्भात

प्रस्तावना :
अपिलात खटला पुन्हा पहिल्यापासून चालतो, असा समज विद्यार्थ्यांमध्येच नव्हे, तर सुशिक्षित समाजातही आढळतो. वस्तुतः अपिलीय न्यायालयाचे अधिकार अपिलाच्या प्रकारानुसार बदलतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या एका फौजदारी व एका दिवाणी निर्णयाच्या आधारे हा भेद स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

फौजदारी अपील : पुराव्याची फेरतपासणी
दि. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवरील लोकल गाड्यांमध्ये सात स्फोट झाले व १८० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. २०१५ मध्ये विशेष मोक्का न्यायालयाने पाच जणांना फाशी व सात जणांना जन्मठेप सुनावली. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही (फौजदारी प्रक्रिया संहिता, कलम ३६६, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४०७). त्यामुळे येथे उच्च न्यायालयाला संपूर्ण पुरावा स्वतः तपासणे भाग असते.

दि. २१ जुलै २०२५ रोजी न्या. अनिल किलोर व न्या. श्याम चांडक यांच्या खंडपीठाने सर्व १२ जणांची शिक्षा रद्द केली. मोक्का कायद्याच्या कलम १८ नुसार पोलीस अधीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरील कबुलीजबाब पुराव्यात ग्राह्य धरता येतो. तथापि ग्राह्य असणे आणि विश्वसनीय असणे या दोन भिन्न गोष्टी होत. न्यायालयाला हे कबुलीजबाब विश्वसनीय वाटले नाहीत. ओळखपरेड सदोष ठरली. काही साक्षीदार शंभराहून अधिक दिवस गप्प का राहिले, याचे समाधानकारक स्पष्टीकरण मिळाले नाही. स्फोटके कोणत्या प्रकारची होती, हेही सिद्ध झाले नाही. या १२ पैकी एका आरोपीचा २०२१ मध्येच तुरुंगात मृत्यू झाला होता. मृतांच्या कुटुंबीयांना दोन दशकांनंतरही उत्तर मिळाले नाही, ही या निकालाची दुसरी बाजू होय.

दि. २४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सदर निकाल अन्य खटल्यांत पूर्वनिर्णय म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जाण्यास सांगितले नाही.

दिवाणी दुसरे अपील : केवळ कायद्याचा प्रश्न
दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६ खालील पहिल्या अपिलात वस्तुस्थिती व कायदा दोन्ही तपासले जातात. कलम १०० खालील दुसऱ्या अपिलाला मात्र कायद्याचा महत्त्वपूर्ण प्रश्न आवश्यक असतो. १९७६ च्या दुरुस्तीने ही मर्यादा अधिक काटेकोर केली.

१९८० च्या दशकात दाखल झालेल्या अशाच एका अपिलात वडील १९५२ मध्ये निवर्तले होते. मागे दुसरी पत्नी व दोन्ही पत्नींच्या मुली होत्या. पहिल्या पत्नीच्या मुलीने हिस्सा मागितला. एकसदस्यीय पीठांची मते परस्परविरोधी असल्याने प्रश्न खंडपीठाकडे गेला. २०२४ मध्ये न्या. अतुल चांदूरकर व न्या. जितेंद्र जैन यांनी उत्तर दिले : वडील १९५६ पूर्वी विधवेला मागे ठेवून वारले असतील, तर मुलीला वारसाहक्क मिळत नाही. १९३७ च्या कायद्याने विधवेला मर्यादित हक्क दिला होता. मुलीला त्यात स्थान नव्हते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ पूर्वी खुला झालेला वारसा त्या कायद्याने बदलत नाही.

२०२० च्या विनीता शर्मा निर्णयाशी येथे विसंगती दिसते. परंतु तो निर्णय सहदायिकी मिळकतीतील मुलीच्या जन्मजात हक्कासंबंधी आहे, येथे प्रश्न वारशाचा होता. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलीच्या बाजूने दिलेल्या अरुणाचल गौंडर निर्णयात ती वडिलांची एकुलती एक वारस होती. एकंदरीत, वडिलांच्या मृत्यूची तारीख आणि मागे कोण उरले, या दोन बाबींवर मुलीचा हक्क ठरतो.

निष्कर्ष :
पहिल्या प्रकरणात उच्च न्यायालयाने पुराव्याचा कण न् कण तपासला. दुसऱ्यात त्याने केवळ एका कायदेशीर प्रश्नाचे उत्तर दिले, मग ते आजच्या समतेच्या जाणिवेला कितीही बोचरे वाटो. निकाल योग्य की अयोग्य, ही चर्चा वर्गात जरूर व्हावी. परंतु तत्पूर्वी, न्यायालयासमोर नेमके काय तपासण्यासाठी होते, हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावयास शिकविणे अगत्याचे आहे.